पिंजरे बदलायचा वार

पिंजऱ्यात मारामारी झाली की नवखा माणूस आधी जखमी उंदीर उचलतो. साहजिकच आहे. पाठीवरची फर चिकट झालेली, शेपटीच्या मुळाशी खपल्यांची रांग, अंग चोरून कोपऱ्यात बसलेला. त्याला बाहेर काढायचं, जखम सलाईनने पुसायची, वेगळा पिंजरा द्यायचा आणि आपण एक पुण्यकर्म केलं म्हणून पुढच्या रॅककडे वळायचं. चार दिवसांनी त्याच पिंजऱ्यात दुसरा जखमी, मग तिसरा. आमच्या प्राणीगृहातले मामा याच्या नेमकं उलटं करायचे. जखमीकडे ते नंतर बघायचे. आधी पिंजऱ्यातला सगळ्यांत देखणा कोण ते शोधायचे. तुकतुकीत फर, मिशा शाबूत, शेपटीवर ओरखडा नाही, खाऊनपिऊन टणटणीत. "मॅडम, ह्योच दादा. ह्याला काढा, बाकीचे गप पडतील."

बहुतेक वेळा पडायचेही. नर उंदरांच्या पिंजऱ्यात साधारणपणे एक दादा असतो आणि बाकीचे सगळे दबेल. दबेलांमध्ये आपसात फारशी उतरंड नसते. दादा पाठलाग करतो आणि पळणाऱ्याला मागून चावतो, म्हणून जखमा पुठ्ठ्यावर, शेपटीवर आणि कधी कधी मांड्यांच्या मधल्या नाजूक जागी. नाकावर किंवा ओठाजवळ खरचटलेलं दिसलं तर तो बहुधा मार खाणाऱ्याने उलटून घेतलेला चावा असतो, म्हणजे ज्याच्या नाकावर खूण तोच हल्लेखोर असू शकतो. कोण कुठे चावला आहे हे बघायला शिकलं की रात्री काय घडलं ते सकाळी वाचता येतं.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्राणीगृहाचं काम बघायचे. पॉलिप्रोपिलीनचे पिंजरे, वर स्टीलची जाळी, जाळीच्या खळग्यात खाद्याच्या गोळ्या, तिरकी लावलेली पाण्याची बाटली, खाली ऑटोक्लेव्हमधून काढलेली भाताची तुसं. बारा तास उजेड, बारा तास अंधार. उंदीर तीन जातींचे होते. 'स्विस' पांढरे: 1926 साली क्लारा लिंच या संशोधिकेने स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून दोन नर आणि सात माद्या अमेरिकेत नेल्या, त्यांची ही प्रजा. आपल्याकडच्या कुठल्याही फार्मसी कॉलेजात उंदीर दिसला तर तो बहुधा हाच. दुसरे 'बाल्ब सी', तेही पांढरे. तिसरे काळे, 'सी 57 ब्लॅक 6'. मारामारीचा बाजार पहिल्या दोघांचा. काळे त्या मानाने शांत, पण त्यांची दादागिरी निराळी. ते दुसऱ्याच्या मिशा आणि चेहऱ्यावरचे केस कुरतडून साफ करतात. पिंजऱ्यातल्या तिघांची तोंडं गुळगुळीत आणि चौथा ऐटबाज मिशीवाला असं दिसलं की नवीन विद्यार्थी त्वचारोगाची शंका घेऊन धावत यायचे.

हा प्राणी मुळात भांडकुदळ आहे असं मात्र मला कधी वाटलं नाही. घरातला किंवा कोठारातला जंगली नर आपला इलाखा राखतो. इलाख्यात माद्या असतात, पिल्लं असतात. परका नर आला की दोघांची जुंपते, हरलेला पळून जातो आणि विषय संपतो. भांडण तुटतं ते पळून जाण्यामुळे. पिंजऱ्यात पळायला जागा कुठे आहे? हरलेला कोपऱ्यात जातो, कोपराही दादाचाच. तो वर चढून जाळीला लटकतो, खाद्याच्या खळग्याला चिकटून बसतो. सकाळी दार उघडल्यावर एखादा उंदीर जाळीला उलटा टांगलेला दिसला आणि बाकीचे खाली निवांत झोपलेले असले तर जखम दिसायची वाट बघू नये. दोनचार दिवसांत त्याचं वजन उतरणार, हे ठरलेलं.

इलाखा म्हणजे काय, तर वास. आपल्याला पिंजऱ्यातून अमोनियाचा उग्र वास येतो, बस. उंदराला त्यात नाव, गाव, वय, तब्येत, हुद्दा सगळं कळतं. 1973 साली अमेरिकेत एक साधा आणि फार सुंदर प्रयोग झाला होता. उंदरांना रात्रभर कागदावर ठेवलं आणि नंतर तो कागद अतिनील दिव्याखाली धरला. दादा उंदराने कागदभर बारीक बारीक थेंबांची शिंपण केलेली. हरलेल्याने सगळी लघवी कोपऱ्यातल्या दोनचार डबक्यांत उरकलेली. हरल्यावर तो जागेवर सही करायचंच सोडून देतो. पुढे असंही कळलं की या लघवीतली काही प्रथिनं वासाचे रेणू धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, म्हणून एकदा टाकलेली खूण बराच वेळ टिकते; आणि हीच प्रथिनं दुसऱ्या नराला हुंगायला मिळाली तर त्याला चेव येतो. यातल्या एकाला, ज्याच्या वासावर माद्या भाळतात त्याला, 2010 साली लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी जेन ऑस्टिनच्या मिस्टर डार्सीवरून 'डार्सिन' असं नाव दिलं. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हा डार्सी कोण? मोठा साहेब का?" मी हो म्हटलं.

आता पिंजरे बदलायच्या वाराची गंमत सांगते. आमच्याकडे आठवड्यातले दोन वार ठरलेले. मामांना स्वच्छतेचा जबरदस्त अभिमान. तुसं टाकून दिली, पिंजरा घासला, गरम पाण्याने धुतला, वाळवला, नवी तुसं भरली, उंदीर सोडले. बाहेरचे लोक तपासणीला आले की नाक वर करून हुंगायचे आणि मान डोलवायचे. आणि त्याच दुपारी रॅकवरून चीं चीं सुरू व्हायचं. उंदरांचं बरंचसं बोलणं आपल्या कानापलीकडचं असतं. आपल्याला ऐकू येतं तेव्हा प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. मारामारीची नोंदवही मी वारांनुसार लावली तेव्हा जखमांची गर्दी धुण्याच्या वारांच्या मागोमागच दिसली. चाळीतल्या सगळ्या दारांवरच्या नावांच्या पाट्या एका रात्रीत कुणी काढून नेल्या तर सकाळी जी बोंबाबोंब होईल, ती पिंजऱ्यात दर धुण्याला होत होती. कोण कोणाच्या वर, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं.

मग धुवायचंच नाही का? अमोनिया साठला तर उंदरांच्या नाकाडोळ्यांची वाट लागते, आपल्याही. नेदरलँड्समधल्या युट्रेख्त विद्यापीठात व्हान लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमाराला हेच तपासलं होतं. काहीतरी जुनं नव्या पिंजऱ्यात न्यायचं, पण काय न्यायचं? लघवीचा भुसा मूठभर नेला तर मारामारी उलट वाढली. घरट्याचं साहित्य, म्हणजे उंदीर ज्यात अंग मुडपून एकत्र झोपतात तो कागद-कापसाचा गोळा, तसाच उचलून नेला तर कमी झाली. वास दोन्हीला आहे, पण एक वास हद्दीचा आणि दुसरा एकत्र झोपणाऱ्यांचा.

मामांना हे पटवणं म्हणजे दिव्य होतं. धुतलेल्या पिंजऱ्यात जुना चिंध्या झालेला कागद ठेवायचा? "मॅडम, लोक म्हणतील मामा म्हातारा झाला." शेवटी तोडगा निघाला तो असा: ओला कागद टाकायचा, कोरडा गोळा ठेवायचा, आणि जाळी दर वेळी न धुता आलटून पालटून धुवायची. आम्ही नवीन टिश्यू पेपरच्या पट्ट्या आधीच्या पिंजऱ्यात दोन दिवस अगोदर टाकायला लागलो, म्हणजे धुण्याच्या दिवशी न्यायला घरटं तयार असायचं. आवाज पुरता थांबला असं नाही. पण नंतर मामाच नव्या पोरांना दटावत असलेले मी ऐकले, "घरटं फेकायचं नाय, त्यांचं अंथरूण हाय ते."

त्याच ओघात आणखी काही गोष्टी बदलल्या. आधी नरांचे पिंजरे, मग माद्यांचे. माद्यांना हाताळलेले हातमोजे घालून नरांच्या पिंजऱ्यात हात घालायचा नाही. ज्या नराला जोडीला लावलं, तो परत नरांच्या गटात कधीच नाही, तो तिथे जाऊन राडाच करणार. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की पुरुष माणसाच्या नुसत्या वासानेही उंदीर ताणाखाली येतात, बाईच्या वासाने नाही. पुरुषाने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी पुरतं. हे कळल्यावर मामा काही दिवस माझ्याशी जरा तुटक वागत होते. मी त्यांना सांगितलं की तो ताण थोड्या वेळात ओसरतो, म्हणून पिंजरा टेबलावर आणल्यावर लगेच हात घालू नका, थोडं थांबा. ते थांबायला लागले, फक्त त्या वेळात तंबाखू मळायचे, जे नियमात बसत नव्हतं.

आमच्याकडच्या मारामाऱ्यांचं सगळ्यांत मोठं कारण मात्र मामा नव्हते, धुणंही नव्हतं. संशोधक होते. औषधाच्या प्रयोगात सहा-सहा उंदरांचे गट लागतात आणि गट निःपक्षपातीपणे पाडायचे असतात. मग काय, आठ आठवड्यांचे नर मागवायचे, सगळ्यांची वजनं करायची, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि सहा वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले, एकमेकांना कधी न भेटलेले, ऐन तारुण्यातले सहा नर एका पिंजऱ्यात ठेवायचे. कागदावर शिस्तशीर, पिंजऱ्यात रणधुमाळी. नंतर तोच विद्यार्थी विचारणार की नियंत्रण गटातल्या उंदरांचं वजन का घटलं. जो उंदीर रात्रभर जाळीला लटकला आहे, त्याच्या रक्तातल्या साखरेवरून आणि ताणाच्या संप्रेरकांवरून तुम्ही औषधाचा गुण मोजणार, ही मला त्या सगळ्यातली खरी थट्टा वाटायची. उंदरांच्या दुखण्याबद्दल ज्यांना काही वाटत नव्हतं त्यांनाही आकडे बिघडतात म्हटल्यावर जाग यायची. मी तो मुद्दा बिनदिक्कत वापरला.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. पिल्लं एकवीस दिवसांची झाली की आईपासून तोडतात. तेव्हाच एका वेताचे नर तिघे तिघे एकत्र ठेवायचे आणि मग शेवटपर्यंत हलवायचं नाही. तीन हा आकडा बरा. पाच किंवा आठ झाले की भांडण वाढतं. कोणाला औषध आणि कोणाला नुसतं पाणी, हे पिंजरे न फोडता त्याच पिंजऱ्यात ठरवता येतं, फक्त खुणा नीट हव्यात. आमच्याकडे खूण पिक्रिक आम्लाची. पिवळाधमक रंग, पांढऱ्या फरवर कापसाच्या बोळ्याने लावायचा: डोक्यावर एक, पाठीवर एक, शेपटीवर एक, एक बिनखुणेचा. रंग फिका पडला की पुन्हा लावायचा. मामांची बोटं कायम हळदीच्या कार्यक्रमाहून आल्यासारखी पिवळी असायची.

या खुणांमुळेच मला एकदा पूर्ण मारामारी नीट बघता आली. उंदरांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून अंधाराच्या पाळीत लाल दिवा लावून बसलं तर ते आपल्याला गृहीत धरतच नाहीत. पिंजरा नुकताच बदललेला. डोक्याला पिवळा असलेला उंदीर भिंतीच्या कडेने फिरत होता, दर बोटभर अंतरावर थांबून बूड टेकत. पाठीला पिवळा असलेला बाटलीशी पाणी पीत होता. पहिला त्याच्या मागे येऊन शेपटीखाली हुंगू लागला, बराच वेळ. मग त्याची स्वतःची शेपटी थरथरायला लागली, तुसांवर घासून सर्र सर्र असा बारीक आवाज येईल इतकी. अंग आडवं वळलं, पाठ कमानीसारखी झाली, डोळे मिचमिचे. आणि एकदम झडप. दोघांचा एक पांढरा गोळा झाला आणि सुटला. पाठपिवळा दोन फेऱ्या पळाला, तिसऱ्या फेरीला मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे हवेत, मान वर, पोट उघडं. हे शरण येणं. बाहेरच्या जगात इथे दोघांपैकी एक निघून गेला असता. डोकंपिवळा क्षणभर थांबला, त्याचं पोट हुंगलं, आणि तो पुन्हा चारी पायांवर आल्याबरोबर शेपटीच्या मुळाशी चावला. असं तीनदा झालं. मग डोकंपिवळा अंग चाटायला बसला आणि पाठपिवळा जाळीवर चढला. बिनखुणेचा आणि शेपटीपिवळा इतका वेळ कागदाच्या गोळ्यात झोपलेले होते.

अशा वेळी दादाला काढायचं, हे मी वर म्हटलं. पण काढून ठेवायचं कुठे? इथे नियमांशी गाठ पडते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1998 साली प्रयोगांच्या प्राण्यांसाठी नियम आले. संस्थेची नैतिकता समिती असते, तिच्यावर बाहेरचे सदस्य असतात. उंदीर हा कळपातला प्राणी, त्याला एकटं का ठेवलं, असा प्रश्न ते विचारतात आणि तो रास्त आहे. व्हान लू यांच्याच पुढच्या एका अभ्यासात नर उंदरांना निवड दिली तेव्हा ते रिकाम्या जागेपेक्षा दुसऱ्या नराच्या शेजारी राहणं पसंत करत होते. म्हणजे ज्याला चावायचं त्याच्याच जवळ झोपायचं. समितीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक सदस्य हळूच म्हणाले, "संसार." तरीही मी दर वेळी सांगायचे की सोबत चांगली असली तरी शेपटीचं हाड उघडं पडेपर्यंत ती लादू नये. एकटा ठेवलेला नर, त्याला भरपूर घरट्याचा कागद, कुरतडायला लाकूड आणि शेजारच्या पिंजऱ्यातला आवाज मिळाला, तर तो नीट जगतो. तसं नोंदवहीत कारणासह लिहिलं की समितीचीही हरकत नसे.

निवृत्तीनंतर मला वाटलं होतं, उंदीर संपले. पण पांढरे उंदीर पाळायची आवड मुलांमध्ये वाढली आहे, आणि सोसायटीत कोणीतरी सांगितलंच की त्या आजींना उंदरांतलं कळतं. खालच्या मजल्यावरची मुलगी पुठ्ठ्याच्या खोक्यात एक उंदीर घेऊन आली. शेपटीचं टोक गेलेलं. घरी आणखी एक होता. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या. लहान पिल्लांत चूक सहज होते. नराच्या लघवीच्या जागेत आणि गुदद्वारात अंतर जास्त असतं, एवढंच तेव्हा बघायचं असतं, आणि दोन शेजारी शेजारी धरून बघितले तरच ते कळतं. मोठं झाल्यावर काही सांगावंच लागत नाही. ते दोघं एका वेताचे तरी होते का? माहीत नाही. सुरुवातीला गुण्यागोविंदाने राहिले, सात-आठ आठवड्यांचे झाल्यावर एक दुसऱ्याला खाऊ देईना.

वडिलांनी मनापासून उपाय केला होता. दुमजली मोठा पिंजरा, त्यात प्लॅस्टिकचं एकदाराचं छान घर, एक चक्र. आणि दोन दिवसांआड सगळं डेटॉलने धुणं. यातली प्रत्येक गोष्ट आगीत तेल. नवी जागा म्हणजे नवा इलाखा. घराला एकच दार म्हणजे दादा दारात बसला की दुसरा एकतर आत कोंडलेला, नाहीतर बाहेर उघड्यावर. चक्र एकच, त्यावरून हमरीतुमरी. सगळं दोन-दोन ठेवावं, घराला दोन तोंडं असावीत, आणि ते जमत नसेल तर ती वस्तूच ठेवू नये. साधा टिश्यू पेपरचा ढीग बरा, त्यावर कोणाची मालकी नसते, दोघं मिळून घरटं करतात.

शस्त्रक्रियेबद्दल त्यांनी विचारलं. नराचा वृषणरस हे या भांडणाचं इंधन आहे, हे 1947 साली एलिझाबेथ बीमन यांनी दाखवलं होतं: खच्ची केलेले उंदीर भांडेनासे झाले, आणि तोच रस गोळीच्या रूपाने त्वचेखाली दिल्यावर पुन्हा भांडू लागले. पाळीव उंदरालाही तसं करता येतं. पण तीसेक ग्रॅमच्या जिवाला भूल द्यायची म्हणजे सवयीचा हात हवा. कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक डॉक्टरकडे तो असेलच असं नाही. शिवाय भांडायची सवय आधीच मुरलेली असली तर ऑपरेशननंतरही ती काही आठवडे रेंगाळते, कधी पूर्ण जातही नाही. उंदराचं आयुष्य दोनेक वर्षांचं. मी त्यांना दोन पिंजरे घ्यायला सांगितलं.

मुलीची आई म्हणाली, "पण एकटे कंटाळतील की हो." हा प्रश्न नैतिकता समितीने विचारला होता त्याच जागेवरून आला होता, फक्त प्रेमाने. मी सांगितलं, मादी आणून सोबत द्यायचा विचारही करू नका. तीन आठवड्यांत पिल्लं, आणि त्यातले नर पुन्हा मोठे होणार. मुलीनेच रोज थोडा वेळ काढावा, एकाशी खेळून झालं की हात धुऊन मग दुसऱ्याला घ्यावं. उंदराला शेपटीला धरून उचलू नये. ओंजळीत घ्यावा, नाहीतर पुठ्ठ्याच्या नळीत शिरू द्यावा आणि नळीच उचलावी. टिश्यू पेपरचं रीळ संपलं की ती नळी फुकटच मिळते. धरण्याच्या पद्धतीने उंदीर किती बुजतो हेही लिव्हरपूलच्याच मंडळींनी दाखवलं आहे, आणि मुलीला ते एका संध्याकाळीत कळलं. तिच्या वडिलांना चिमटीत शेपटी धरायची सवय जाईना.

शेपटी बरी झाली, टोक अर्थात परत आलं नाही. दोघंही आता गुबगुबीत आहेत. वडिलांचा डेटॉल बंद झाला आहे, पण आठवड्यातून एकदाच धुवा आणि घरटं ठेवा, यातलं पहिलंच त्यांना मान्य आहे. घरटं ते अजून फेकतात. एकेकट्या उंदराला त्याने मारामारीचं भय नाही, पण बिचारा ती सगळी रात्र कागद फाडत बसतो, असं मुलगी सांगते. म्हणून धुण्याच्या दिवशी ती आधीच गोळा काढून कंपासपेटीत लपवते.